काट्याजवळचा खड्डा

काट्याजवळच्या खड्ड्यात मी गाडी मुद्दाम घातली. चुकून गेली असं म्हणावं असं लई वाटतं, पण डावीकडून बैलगाडी जाईल एवढी जागा होती, ती मला दिसत होती, आणि तरी मी स्टेअरिंग सरळ धरलं आणि मागचं उजवं चाक बरोबर त्या खड्ड्यात सोडलं. त्याच चाकाच्या वर, मागच्या सीटवर, गादी आणि दोन उशा रचून त्यावर माझी बायको भामा बसलेली होती, कमरेला दवाखान्याचा पट्टा बांधून. चाक खाली गेलं, वर आलं, गाडी एकदाच हलली आणि गप झाली. माझे कान मागंच लागलेले. हा खड्डा म्हणजे आमच्या कारखान्याच्या ऊस तोलायच्या काट्यासमोरचा, उसाच्या गाड्यांनी वीस वर्षं खोदलेला. कारखाना यंदा ऊसच नाही म्हणून बंद, गाड्या बंद, पण खड्डा तसाच शाबूत. दर मंगळवारी अंबाजोगाईला जाताना इथं मागून 'अगं आई' यायचं, मी कितीही हळू घेतली तरी यायचं. आज काहीच आलं नाही. मी आरशात बघितलं, तर ती खिडकीतून कारखान्याच्या थंड चिमणीकडं बघत होती. मला हसू आलं. साधली म्हटलं, आठ महिने झक मारली पण साधली एकदाची.

"लागलं का गं?" मी विचारलं.

"काय?"

"आत्ता खड्डा गेला की."

तिनं आरशात माझ्याकडं बघितलं. जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "न्हाई. आज काई लागलं न्हाई. शनवारी बी न्हाई लागलं."

शनिवारचं तिनं काढलं म्हणून मला अजूनच बरं वाटलं. शुक्रवारी नवे शॉकअप बसवले आणि शनिवारी सकाळी तिला घेऊन स्टेशन रोडनं एक चक्कर मारून आणली होती, परळीतला एक खड्डा सोडला नाही. ती हूं नाही की चूं नाही. परत येताना मी चौकात गाडी उभी करून जिलेबी घेतली. गल्लीतल्या बंकटनं विचारलं, मिस्त्री, आज काय विशेष, तर मी त्याला बॉनेटपासून डिक्कीपर्यंत सगळं सांगितलं, त्याला कळत नव्हतं तरी सांगितलं. भामा आत बसून जिलेबी हातात धरून माझ्याकडं बघत होती. खा की, म्हटलं. खाते, म्हणाली. घरी आल्यावर ती जिलेबी तशीच कागदात निघाली, पण माझं तिकडं कुठलं लक्ष. मी गाडीखाली सतरंजी टाकून सांध्यातल्या नव्या बुशांवरून हात फिरवत पडलो होतो. अशी खुशी मला कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी सभेत माझं नाव घेतलं तेव्हासुद्धा झाली नव्हती.

ही गाडी म्हणजे अँबेसिडर, त्र्याहत्तर सालची, पांढरी. आमचा कारखाना परळीचा मोठा नव्हे, त्याच्या अलीकडचा, छोटा, सहकारी. त्याच्या वाहन विभागात मी अठ्ठ्याहत्तरला लागलो आणि तेव्हापासून या गाडीच्या खाली माझं आयुष्य गेलं. भामा हिला सवत म्हणते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांचा माणूस बोलवायला आला, गाडी पाटोद्याजवळ उभी राहिली म्हणून, आणि मी अंगाची हळद तशीच घेऊन गेलतो. दोन दिवसांनी परतलो. तेव्हा तिनं पहिल्यांदा तो शब्द वापरला, तोंडावर पदर घेऊन, सासूला ऐकू जाईल असा. पुढं कारखान्यानं गाडी भंगारात काढली आणि कुणी हात लावीना, तेव्हा मीच आणली. दारात उभी केली तर ही तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली, चाकांवर ओतलं आणि म्हणाली, या बाई, आता एकाच घरात राहू. माणसाच्या बोलण्यात राग कुठं संपतो आणि माया कुठं लागते ते मला कधी कळलं नाही. गाडीचं कळायचं. गाडीचा कोणता बुश कोरडा पडला ते मी गल्लीच्या तोंडाशी आवाजावरून सांगायचो. आणि भामा वर्षभर कंबर धरून बसायची, पाठ दुखती म्हणायची, तर मी म्हणायचो, दुष्काळात कुणाची दुखत नाही, पंधरा दिवसाला नळ येतो, सगळ्या बाया घागरी वाहतात. वर्षभर म्हणायचो. मग एक दिवस ती घागरीसकट ओट्यावर बसली ती उठेनाच. अंबाजोगाईला फोटो काढला. मणक्याचा क्षय. डॉक्टरनं फोटो उजेडावर धरून दाखवला, दोन मणके कुरतडल्यासारखे दिसत होते, आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल तर गाडीच्या क्लचसारखी मधली चकती झिजली. लाज वाटते, पण तेच आलं.

डॉक्टर तरणाच होता, पण बोलायला मोकळा. गोळ्या दीड वर्ष, पट्टा, आराम, दर मंगळवारी दाखवायला आणायचं, आणि येता-जाता हिसका बसता कामा नये. हिसका बसता कामा नये म्हणे. परळी ते अंबाजोगाई रस्त्याचा आणि मधल्या घाटाचा विचार न करता माणूस असं बोलू शकतो. पहिल्याच मंगळवारी काट्याजवळच्या खड्ड्यात ती असं ओरडली की मी गाडी जागच्या जागी उभी केली. कमरेतून टाचेपर्यंत करंट गेला, म्हणाली. आणि मला त्याच क्षणी कळलं की तो करंट कुणी सोडला. मीच सोडला. गाडीच्या मागच्या कमानीत, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगात, कंपनीनं दिले होते त्याच्यावर दोन पाटे जास्तीचे आहेत, ते मी घातलेत, माझ्या हातानं. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात डिक्कीत पाण्याची पिपं, मागं पाच-पाच संचालक, सभेच्या दिवशी तर सभासद कोंबून आणायचे. गाडी मागून खाली जायची. आणि आमच्याकडं चेअरमनची गाडी मागून खाली दिसली की लोक पानटपरीवर म्हणतात, साहेबांचं काही खरं नाही आता. म्हणून साहेबांनी मला बोलावून सांगितलं, गहिनीनाथ, किती बी माणसं घाल, मागून गाडी उभी दिसली पायजे. मी एक पाटा घातला. निवडणूक आली, दुसरा घातला. गाडी मोकळी असली की बूड वर करून उभी, आणि दगडासारखी कडक. साहेब पुढं बसायचे, त्यांना काय कळणार. सगळ्या तालुक्यातल्या गाड्यांत आमचीच गाडी ताठ, आणि मी छाती काढून फिरायचो. साहेब गेले, कारखाना तोट्यात गेला, मी रिटायर झालो, पाटे तसेच राहिले. तीस वर्षांनी ते माझ्या बायकोच्या मणक्याला लागले.

मग लागलो मागं. पहिल्यांदा दोन्ही पाटे काढले. गाडी मऊ झाली, खड्डे गिळायला लागली, आणि मी खूश होऊन मंगळवारी निघालो तर घाटात पहिल्याच वळणावर गाडी अशी कलली की भामा गादीवरून दाराला जाऊन आदळली. वळणावळणाला इकडून तिकडं. अंबाजोगाई येईपर्यंत तिला दोनदा उलटी झाली, आणि उलटीच्या उबळीनं खड्ड्यापेक्षा जास्त दुखलं. पुढच्या आठवड्यात एक पाटा परत घातला. मग वळण बरं आणि खड्डा वाईट. गाडीचं असंच आहे, एकीकडून द्यावं तर दुसरीकडून काढून घेते. आमचा पोरगा उत्तरेश्वर पुण्याला चाकणला गाड्यांच्या कारखान्यात आहे, तो फोनवर रोज काहीतरी पाठवायचा. जुन्या गाड्यांचे शौकीन लोक असतात म्हणे, ते गाडी वळणावर रस्ता धरून चालावी म्हणून खालचा सगळा सांगाडा बदलतात. मागं आडवा बार टाका म्हणजे कलणार नाही, बाबा. गॅसचे शॉकअप घाला. पुढचा टॉर्शन बार जरा ढिला करा. बुश रबराचे नको, दुसरे आलेत. हँडलिंग सुधारेल. त्यातला एकेक शब्द मी लहान पोरासारखा पाठ केला. पण त्या लोकांना सत्तरच्या वेगात वळण मारायचं असतं, आणि मला वीसच्या वेगात एक बाई न्यायची होती. तो म्हणाला, नवी गाडी भाड्यानं करा. केली. एक मंगळवार केली. नवी कोरी जीप, आणि भामा परत येताना पदर तोंडात धरून बसली. उतरल्यावर म्हणाली, आपली सवतच बरी. म्हणून मी पुन्हा सतरंजी घेऊन खाली शिरलो आणि तो आडवा बार टाकला. खरं सांगायचं तर मला तिनं तसंच म्हणावं असं वाटत होतं.

काय निवडावं याला मोजमाप पाहिजे. सुरुवातीला मी पितळी कळशी काठोकाठ भरून मागच्या सीटवर ठेवायचो आणि चक्कर मारून यायचो. जेवढं पाणी सांडेल तेवढी गाडी वाईट. चार चकरा झाल्या, आणि पाचव्याला भामानं खाटेवरून बघितलं. पंधरा दिवसाला येणारं पाणी मी गादीला पाजतोय म्हटल्यावर ती जी सुटली ती सुटलीच. शेजारची पारूबाई भिंतीवरून डोकावली. पाणी बंद झालं. मग मोजमाप उरलं एकच. हे मी कधी कुणाला बोललो नाही, स्वतःशीसुद्धा सरळ बोललो नाही, पण तबला लावतात तशी मी भामाच्या ओरडण्यावर गाडी लावायला लागलो. तिचं 'अगं आई' म्हणजे मागचे पाटे कडक. दातांतून वारा ओढला म्हणजे वळणावर गाडी कलली. नुसतं 'हं' म्हणजे स्पीडब्रेकर, ते चालतंय. मंगळवारी संध्याकाळी घरी येऊन मी तिला खाटेवर निजवायचो आणि लगेच खाली जाऊन पाना लावायचो, विसरायच्या आत. कधीकधी पक्कं कळावं म्हणून टाळता येणारा खड्डासुद्धा घ्यायचो. तिच्या भल्यासाठीच घेतो म्हणायचो. ती ओरडायची, मी मनात म्हणायचो, मागच्या वेळेपेक्षा कमी. अशा माणसाला काय म्हणावं? आठ महिने मी रोगाचं काही करू शकत नव्हतो, रस्त्याचं काही करू शकत नव्हतो, पाऊस पाडू शकत नव्हतो, परळीचं थर्मल वीजकेंद्रसुद्धा पाण्यावाचून बंद पडलेलं आणि बॉनेटवर राखसुद्धा पडत नव्हती. माझ्या हातात फिरेल असा एकच नट होता, तो मी फिरवत होतो.

कारखाना मागं गेला. दोन्हीकडं काळं उघडं रान, उसाचं एक पान नाही. मी शीळ घालत होतो बहुतेक. आणि मग सकाळची चप्पल डोक्यात आली. का आली कुणास ठाऊक. सकाळी तिला काखेत हात घालून गाडीपर्यंत आणताना तिची डावी चप्पल अंगणात सुटून राहिली. ती तशीच चार-पाच पावलं पुढं आली. नऊ वाजलेले, फरशी तापलेली, आणि ती एका पायानं अनवाणी, थांबली नाही, पाय उचलला नाही. मी मागं जाऊन चप्पल आणली, पायात घातली आणि म्हटलं, म्हातारी झालीस. ती हसली. आज तिचा भारही माझ्या खांद्यावर जास्त होता, पण मला वाटलं रात्री झोप नीट झाली नसेल. मी शीळ बंद केली. आरशात तिचा फक्त चेहरा आणि खांदा दिसतो. पाय दिसत नाहीत. पाय दिसतील असा आरसा गाडीला नसतो.

डॉक्टरनं पहिल्या दिवशी एक गोष्ट दोनदा सांगितली होती आणि मग मला म्हणायला लावली होती, शाळेत लावतात तशी. पायाला मुंग्या आल्या, पाय जड झाले, नाहीतर पायाला कळेनासं झालं, तर मंगळवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं. मी म्हटलं होतं, त्याच दिवशी यायचं. बरोबर म्हणाला तो. मी मान डोलवली आणि खिडकीतून खाली उभ्या ॲम्ब्युलन्सच्या मागच्या कमानीत किती पाटे आहेत ते मोजत राहिलो. हे सगळं मला आत्ता, घाटाच्या पायथ्याशी, एकदम स्पष्ट आठवलं. तो फोटोचा मोठा निळा कागद, त्याच्या पेनाचं टोपण, कमानीतले पाटे. तिला मागं वळून विचारावं, एक शब्द विचारावा, एवढंच होतं. ते मला जमेना. विचारलं नाही तोवर शॉकअप चांगले होते.

घाट सुरू व्हायच्या आधी रस्ता खचलाय. तिथं टाळायला जागा नाही, सगळ्यांचीच गाडी आदळते. मी अगदी हळू घेतली तरी गाडी खाली बसली, माझं डोकं टपाला लागलं, दात दातावर आपटले. गाडी वर आली, सपाटीला लागली, आठ-दहा हात पुढं गेली. मी आरशात बघितलं. तिचे डोळे आरशातच होते, माझ्या तोंडावर. आणि मग ती म्हणाली, "अगं आई."

गाडी सरळ चालली होती तेव्हा म्हणाली. करंट गेल्यावर माणूस असं थांबून, बघून, मग ओरडत नाही. आठ महिने मी तो आवाज ऐकलाय, माझ्याइतका तो कुणालाच ओळखीचा नाही. मी कडेला बाभळीखाली गाडी घेतली आणि उतरलो. मागचं दार उघडलं. तिच्या पायातली चप्पल काढली. पाय थंड होता. मी तिला म्हटलं, तिकडं डोंगराकडं बघ आणि मी कोणतं बोट धरलंय ते सांग. तिनं डोंगराकडं बघितलं. मी अंगठा धरला, चांगला दाबून धरला, नख पांढरं होईपर्यंत. ती विचार करत होती. आठवणीतलं काहीतरी शोधत असल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. "करंगळी," ती म्हणाली.

तिनं वळून बघितलं आणि तिला माझ्या हातात अंगठा दिसला.

"कवापासून?"

"शुक्करवारी रात्री मुंग्या आल्या. शनवारी सकाळी काईच न्हाई. लाकूड."

"आन् सांगितलं न्हाईस. कावून न्हाई सांगितलंस, भामा?"

मी तिचं नाव घेतलं. आम्ही नाव घेत नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं. घाम पुसल्यासारखं पुसलं. म्हणाली, "तुमी शाकप बसवलेलं. लई खूश होतात. जिलेबी बी आणली. म्हटलं दोन दिस राहू द्यावं. मंगळवार हायच की."

दोन दिवस. माझ्या तोंडावरचं हसू दोन दिवस टिकावं म्हणून. मला तिचा असा राग आला की दार आपटावं वाटलं, आणि तो राग तिचा नव्हताच. मी तिथं धुळीत बसलो, तिचा पाय मांडीवर घेऊन, आणि तो अंगठा चोळत राहिलो, जणू चोळून काही होणार होतं. मला हात फिरवायला काहीतरी लागतं. एक टेम्पो गेला, ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, पंक्चर का मिस्त्री, तर मी मान हलवली. ती म्हणाली, "उठा आता. डाक्टर जेवायला जाईल."

मी तिच्या पायात चप्पल घातली आणि पुढं येऊन बसलो. त्याच दिवशी यायचं, म्हणाला होता. चौथा दिवस होता. चार दिवसांनी गेलेलं परत येतं का, ते मी विचारून ठेवलं नव्हतं. मी गिअर टाकला आणि ॲक्सिलेटर दाबला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता मला एकही खड्डा टाळायचं कारण उरलं नाही. कशीही हाकली तरी मागं कुणाला कळणार नव्हतं. आठ महिने ज्याच्यासाठी केलं ते झालं होतं. या रस्त्यावर माझ्या बायकोला आता काहीच लागत नव्हतं. गाडी घाटाला लागली. चाळीस, पन्नास. या गाडीनं या घाटात पन्नास कधी बघितले नव्हते, आणि हरामखोर गाडी वळणावर अशी रस्ता धरून चालली होती, कलत नव्हती, सरकत नव्हती. उत्तरेश्वर बसला असता तर टाळी दिली असती. आडवा बार बरोबर, शॉकअप बरोबर, पाटे मोजके. माझ्या हातून इतकी चांगली गाडी कधी लागली नव्हती. समोर खड्डा आला. मी वळवली नाही. चाक आत गेलं, खालून ठण्ण आवाज आला, आणि मागं काही नाही. आरशात बघायची मला छाती होईना. पुढं दुसरा आला, त्याहून मोठा. गाडी आदळली, आणि 'अगं आई' असं कुणीतरी ओरडलं. तो माझा आवाज होता.

तिसऱ्यालाही ओरडलो. चौथ्यालाही. बरोबर ज्या क्षणी चाक खाली जायचं त्याच क्षणी, जराही उशीर नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. मागून भामानं पुढं हात लांबवला, तिचा हात काही पोचला नाही, सीटच्या पाठीवरच राहिला.

"हळू हाका जरा," ती म्हणाली. "तुमाला लागंल."